नाकाच्या मोजपट्टीपासून जनुकसंचापर्यंत : भारतात ‘वंश’ शोधण्याची सव्वाशे वर्षे

९ जानेवारी २०२५ रोजी ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये हाती घेतलेल्या या प्रकल्पात देशभरातील वीस संस्था सहभागी होत्या. ऐंशीहून अधिक लोकसमूहांतून नमुने घेतले गेले आणि ती सारी माहिती आता फरिदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्रात साठवलेली आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच घटना. परंतु अशी बातमी आली की तिच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : “म्हणजे आता कोण कोणत्या वंशाचा, हे नक्की कळणार का?”

विचारणाऱ्याचा यात दोष नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत भारतीयांचे सहा वंश अजूनही क्रमवार पाठ करायला दिलेले असतात : नेग्रिटो, प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड, मंगोलॉइड, भूमध्यसागरी, पश्चिमी रुंदशीर्ष आणि नॉर्डिक. ही यादी १९३१ च्या जनगणनेच्या निमित्ताने घेतलेल्या शारीरिक मोजमापांवरून बिरजाशंकर गुहा यांनी तयार केली. डीएनएची रचना उलगडली १९५३ मध्ये. म्हणजे ही यादी त्याआधीच्या बावीस वर्षांपूर्वीची. ती कशी तयार झाली आणि शास्त्राने ती का मागे टाकली, हे मात्र त्या पुस्तकांत क्वचितच सापडते. या लेखाचा विषय तोच आहे.

*

आरंभी दोन शब्दांविषयी थोडेसे. मराठीत ‘वंश’ हा मूळचा कुळाचा शब्द. वंशवृक्ष, वंशवेल, वंशाचा दिवा, यदुवंश या सर्वांत एखाद्या ज्ञात किंवा मानलेल्या पूर्वजापासून उतरलेली माणसे अभिप्रेत असतात. इंग्रजीतील ‘रेस’ या कल्पनेला प्रतिशब्द हवा झाला तेव्हा हाच शब्द पुढे करण्यात आला आणि त्याच्याबरोबर कुळाची कल्पनाही नकळत आत शिरली. कोट्यवधी माणसांचा एक समूह जणू एकाच खोडाची फांदी आहे, असे शब्दच सुचवू लागला. ‘जात’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. आपण आंब्याची जात म्हणतो, गाईची जात म्हणतो आणि माणसाचीही जात म्हणतो. हापूस आणि पायरी यांतील फरक कलमे बांधून टिकवलेला असतो. माणसांच्या बाबतीतही फरक असाच रक्तामांसात असणार, हे गृहीत धरायला भाषा आपल्याला शिकवते. हे गृहीतक मोजून सिद्ध करण्याचा पहिला मोठा प्रयत्न भारतात झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

त्या प्रयत्नाचे नाव हर्बर्ट रिस्ले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील हा अधिकारी बंगालमध्ये नेमणुकीस असताना मानवमितीकडे वळला. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ पॉल तोपिनार यांची पद्धत त्याने उचलली आणि बंगाल, वायव्य प्रांत व पंजाब येथील सुमारे सहा हजार व्यक्तींची मोजमापे घेववली. कवटीची लांबी-रुंदी, उंची, चेहऱ्याचा कोन अशी अनेक मापे त्यात होती. पण त्याचा सर्वांत अधिक विश्वास बसला तो नाकावर. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की ‘नासिका-निर्देशांक’ मिळतो. हा आकडा सत्तरच्या खाली असला तर नाक अरुंद, सत्तर ते पंचाऐंशी असला तर मध्यम आणि त्यापुढे गेला तर रुंद, अशी वर्गवारी ठरली होती. १८९१ मध्ये बंगालविषयीचे त्याचे ग्रंथ प्रसिद्ध झाले तेव्हा त्याने एक निष्कर्ष नियमाच्या थाटात मांडला : नाक जितके अरुंद, तितकी जातीची सामाजिक पायरी वरची. आर्य आणि अनार्य यांच्या प्राचीन संघर्षातून जातिव्यवस्था जन्मली, आणि त्या संघर्षाची खूण आजही चेहऱ्यावर वाचता येते, असा त्याचा दावा होता.

पुढे हाच अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला, आणि एका हौशी संशोधकाचे मत सरकारी दप्तरात जाऊन बसले. जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा आदेश निघाला. त्यावर देशभरातून हरकतींचे अर्ज आले, कारण प्रत्येकाला वरची पायरी हवी होती. भारतीयांची सात शारीरिक प्रकारांत विभागणी झाली. त्यांतील एकाचे नाव ‘सिथो-द्राविडी’. पश्चिम भारतातील मराठा ब्राह्मण, कुणबी आणि कूर्गी यांना त्याने या प्रकारात घातले. डोके रुंद दिसते, त्याअर्थी प्राचीन शकांचे रक्त मिसळले असले पाहिजे, असा तो तर्क होता. शक लोकांच्या कवट्या आणि महाराष्ट्रातील कुणब्यांच्या कवट्या यांची सांगड घालणारा कोणताही ऐतिहासिक दुवा त्याच्या हाती नव्हता.

*

या पद्धतीतील दोष समजण्यास उच्च गणित लागत नाही. एखाद्याचे नाक ३६ मिलिमीटर रुंद आणि ४८ मिलिमीटर उंच असेल, तर निर्देशांक येतो ७५. आता मोजणाऱ्याच्या हातून रुंदीत एक मिलिमीटर जास्त आणि उंचीत एक मिलिमीटर कमी अशी चूक झाली, तर ३७ भागिले ४७ म्हणजे निर्देशांक जवळजवळ ७९ होतो. जिवंत माणसाच्या मऊ नाकावर कॅलिपर ठेवताना एवढी चूक सहज होते. शेजारच्या दोन जातींच्या सरासऱ्यांमधील अंतर मात्र पुष्कळदा दोन-चार एककांचेच होते.

त्याहून मोठा दोष सरासरीवर ठेवलेल्या विश्वासाचा. शाळेतील ‘अ’ तुकडीची सरासरी उंची ‘ब’ तुकडीपेक्षा एक सेंटिमीटरने जास्त भरली, म्हणून एखाद्या मुलाची उंची पाहून त्याची तुकडी ओळखता येत नाही. दोन्ही तुकड्यांत उंच मुले असतात, ठेंगणीही असतात. जातींच्या नाकांचेही तसेच होते. प्रत्येक जातीत अरुंद, मध्यम आणि रुंद नाकांची माणसे होती. रिस्लेने हा सारा पसारा बाजूला सारून फक्त सरासऱ्या एका ओळीत मांडल्या. शिवाय नाक हा अवयव हवेशी बांधलेला. १९२३ मध्ये थॉमसन आणि बक्स्टन या ब्रिटिश अभ्यासकांनी जगभरची मापे एकत्र करून दाखवले की उष्ण व दमट प्रदेशांत नाके रुंद आणि थंड व कोरड्या प्रदेशांत अरुंद असण्याकडे कल असतो. श्वासातील हवा आत जाण्यापूर्वी ऊबदार आणि ओलसर करणे हे नाकाचे काम आहे. वंशाची नोंद ठेवणे हे नव्हे.

कवटीची गतही फार निराळी झाली नाही. अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी १९१२ मध्ये स्थलांतरितांच्या कुटुंबांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार त्यांच्या युरोपात जन्मलेल्या भावंडांपेक्षा वेगळा होत असल्याचे त्यात दिसले. एका पिढीत बदलणारी गोष्ट हजारो वर्षांच्या वंशाची अचल खूण कशी मानावी, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

भारतात रिस्लेच्या सिद्धांतावर पहिली शंका घेतली ती त्याच्याच सेवेतील विल्यम क्रुक याने. उत्तर भारतातील मापे पाहून १८९६ मध्ये त्याने नोंदवले की निरनिराळ्या जातींत वांशिक भेद म्हणावा असा फरक आढळत नाही. परंतु आकड्यांची सविस्तर उलटतपासणी केली ती गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. मालवणात जन्मलेले आणि केंब्रिजहून परतून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची धुरा वाहणारे घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात प्रांतवार तुलना मांडली. आजच्या उत्तर प्रदेशाच्या परिसरात सामाजिक उतरंड आणि शारीरिक मापे यांचा काहीसा मेळ दिसतो, हे त्यांनी मान्य केले. इतर भाषिक प्रदेशांत मात्र तो मेळ मोडतो. तेथे लोकसंख्या मिश्र आहे आणि मापांचा चढउतार जातींच्या चढउताराबरोबर चालत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

घुर्यांच्या या तक्त्यांचा पुढे सर्वांत धारदार उपयोग केला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी नासिका-निर्देशांकाचे आकडे हाती घेतले आणि विचारले की ब्राह्मण आर्य असतील तर याच आकड्यांनुसार अस्पृश्यही आर्य ठरतात, आणि ब्राह्मण द्राविड असतील तर अस्पृश्यही द्राविड. अस्पृश्यतेला वांशिक पाया असल्याची उपपत्ती त्यांनी तिच्याच मोजपट्टीने मोडून काढली. राज्यकर्त्यांनी उतरंड सिद्ध करण्यासाठी जमवलेले आकडे तिच्याविरुद्ध साक्ष देऊ लागले होते.

*

याच काळात घुर्ये यांची एक विद्यार्थिनी जर्मनीत कवट्या मोजत होती. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्या इरावती कर्वे. बर्लिनमधील डाहलेम येथे १९२७ मध्ये मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांना वाहिलेली कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली होती. तिचे संचालक ऑइगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते. फिशर यांनी आपली कीर्ती जर्मन साम्राज्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्रसंतती कुटुंबांच्या अभ्यासावर उभारली होती. याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, आणि मृतांच्या कवट्या जर्मनीतील संग्रहांत नेण्यात आल्या. त्यांतील काहींची परतपाठवणी सुरू व्हायला २०११ साल उजाडावे लागले.

इरावतीबाईंना विषय मिळाला तो कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा. ही असमानता युरोपीयांत अधिक असते आणि ती त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाची खूण आहे, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांचे मोजमाप केले आणि प्रबंधात निष्कर्ष नोंदवला की असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या परीक्षकाच्या मताविरुद्ध जाणारी आकडेवारी तशीच्या तशी मांडणे म्हणजे काय, हे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. काही वर्षांतच हिटलर सत्तेवर आला. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, सक्तीच्या नसबंदीला त्यांच्या संस्थेतून तज्ज्ञांचे अभिप्राय जाऊ लागले, आणि महायुद्धाच्या काळात आउश्वित्झ छळछावणीतून मेंगेलेने पाठवलेले मानवी अवशेष याच संस्थेत पोहोचले. मोजपट्टीचा प्रवास कुठवर जाऊ शकतो, याचा हा पुरावा.

इरावतीबाई पुण्यास परतल्या आणि डेक्कन कॉलेजातून त्यांनी महाराष्ट्रातील समाजांची मोजमापे केली. त्या काळाची चौकट त्यांनी पूर्णपणे ओलांडली होती असे म्हणता येणार नाही. समूहांचे मूळ शोधण्याची वांशिक परिभाषा त्यांच्या पुढील लेखनातही येते. परंतु कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना केली. एकच नाव, एकच सामाजिक पायरी, आणि तरीही हे समूह एकजिनसी नव्हते. एका जातीच्या फांद्या होऊन पोटजाती बनल्या, ही समजूत त्यामुळे डळमळीत झाली. वेगवेगळे समूह कालांतराने एका नावाखाली आले असावेत, हा इरावतीबाईंचा विचार त्यातून पुष्ट झाला.

दुसरी वाट कोलकात्यातून निघाली. १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबीस नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांची मापे तपासायला सांगितली. महालनोबीस यांना पहिली अडचण जाणवली ती अशी : माणसाची मापे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. उंच माणसाचे हातही लांब असतात. मग उंची आणि हाताची लांबी हे दोन वेगळे पुरावे म्हणून मोजले, तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखे होते. हे परस्परसंबंध जमेस धरून दोन समूहांमधील अंतर काढण्याचे सूत्र त्यांनी वर्षानुवर्षे घडवले आणि १९३६ मध्ये ते व्यापक रूपात प्रसिद्ध केले. आज यंत्र-शिक्षण शिकणारा विद्यार्थी विदेतील विसंगत नोंदी शोधताना ‘महालनोबीस अंतर’ वापरतो, तेव्हा त्या सूत्राचा जन्म जातींची मापे तपासताना झाला होता, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. महालनोबीस यांनी रिस्लेचे जुने तक्तेही पुन्हा तपासून त्यांतील आकड्यांच्या चुका दुरुस्त केल्या. आणि बंगालविषयीच्या त्यांच्या विश्लेषणात दिसले ते असे, की बंगाली ब्राह्मण हे बंगालबाहेरील ब्राह्मणांपेक्षा बंगालमधील इतर जातींना अधिक जवळचे आहेत.

*

मोजमाप कातडीवरून रक्तात गेले तेव्हा पुष्कळांना वाटले की आता खरा वंश सापडेल. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधील सालोनिका येथे अनेक देशांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. त्यांत हिंदी शिपाईही होते. लुडविक आणि हॅना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने तेथे सोळा समूहांतील आठ हजारांहून अधिक लोकांचे रक्तगट तपासले. १९१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पश्चिम युरोपात ‘ए’ गट अधिक, तर हिंदी शिपायांत ‘बी’ गट अधिक असे प्रमाण आढळले. त्यांनी यावरून मानवजातीचे दोन मूळ वंश कल्पिले. परंतु त्यांचेच आकडे दुसरे काही सांगत होते. प्रत्येक समूहात सर्व गट होते. प्रमाण मात्र प्रदेशागणिक हळूहळू बदलत होते. कोठेही अशी सीमारेषा नव्हती की जिच्या अलीकडे एक रक्त आणि पलीकडे दुसरे. नगरहून निघालेल्या माणसाला औरंगाबादेपर्यंत बोली कोणत्या गावाशी बदलली हे सांगता येत नाही, तरी बदल जाणवतो, रक्तगटांचेही तसेच.

वंशाच्या चष्म्याने पाहिले की रोगही चुकीचा दिसतो, याचे उदाहरण सिकलसेलचे आहे. १९१० मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका तरुणाच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या, आणि पुढील चार दशके हा आफ्रिकी वंशाचाच रोग मानला गेला. १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांना तो गुणधर्म दक्षिण भारतात, निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. आता यांनाही आफ्रिकी ठरवायचे काय, असा पेच पडला. उत्तर मिळाले ते डासांकडून. या जनुकाची एकच प्रत असलेल्या व्यक्तीला मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. आफ्रिका असो, अरबस्तान असो, ग्रीस असो वा भारत, जेथे मलेरियाने शतकानुशतके माणसे नेली तेथे हे जनुक टिकले. आज विदर्भातील, छत्तीसगडमधील किंवा गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातील एखादे मूल सांधेदुखीने कळवळते, तेव्हा डॉक्टरला हा रोग आठवणे आवश्यक असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा पाया याच समजुतीवर उभा आहे.

युद्धानंतर जगाला वंशकल्पनेचा हिशेब करणे भाग पडले. १९५० मध्ये युनेस्कोने वंशाविषयीचे पहिले निवेदन प्रसिद्ध केले; ते तयार करणाऱ्या समितीत भारताचे हुमायून कबीर होते. अनेक जीवशास्त्रज्ञांना त्यातील विधाने घाईची वाटली, म्हणून १९५१ मध्ये दुसरे निवेदन झाले. वाद चालू राहिला, पण त्याचा निकाल तत्त्वज्ञानाने नव्हे तर मोजणीने लावला. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी सतरा जनुकांची जगभरची माहिती घेऊन विचारले : मानवजातीत एकूण जितकी विविधता आहे, तिचा किती वाटा तथाकथित वंशांच्या मधला? उत्तर आले, सुमारे ६ टक्के. सुमारे ८५ टक्के विविधता एकाच स्थानिक समूहातील माणसामाणसांत होती, उरलेली एका ‘वंशा’तील निरनिराळ्या समूहांत. पुढे २००२ मध्ये जगातील ५२ समूहांचा डीएनए तपासला तेव्हा समूहांतर्गत वाटा ९३ ते ९५ टक्के भरला.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सांख्यिकीतज्ज्ञ एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये दाखवले की एकेक जनुक फारसे काही सांगत नसले, तरी हजारो जनुके एकत्र वाचली की माणसाचे पूर्वज कोणत्या भूभागातील होते याचा अंदाज चांगला बांधता येतो. हे खरे आहे, आणि लपवण्याजोगे नाही. परंतु पूर्वजांचा भूगोल कळणे आणि मानवजात मोजक्या पेट्यांत विभागलेली असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पेट्या तीन करायच्या, सहा की सात, हे निसर्ग सांगत नाही, करणारा ठरवतो. रिस्लेने भारतातच सात केल्या, गुहांनी सहा, हे त्याचेच द्योतक. जनुकसंचातील सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी कोणत्याही दोन माणसांत साधारण ३० लाखांचा, म्हणजे हजारात एक अक्षराचा फरक असतो. तो फरक खरा आहे, औषधोपचाराच्या दृष्टीने मोलाचा आहे. फक्त त्याच्या सीमा वंशांच्या यादीशी जुळत नाहीत.

*

आता भारताच्या जनुकसंचाकडे येऊ. २००९ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज यांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह २५ समूहांतील १३२ भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक भारतीय समूह दोन प्राचीन लोकसंख्यांच्या मिश्रणातून आलेले दिसले. पुढील संशोधनाने या चित्रात आणखी धागे भरले : या भूमीतील अतिप्राचीन शिकारी-संग्राहक, इराणच्या बाजूशी नाते असलेले लोक, मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून आलेले पशुपालक, आणि पूर्व व ईशान्य भारतात आग्नेय व पूर्व आशियाशी जोडलेले प्रवाह. मुख्य भूमीवरील जवळपास प्रत्येक समूहात मिश्रण आहे. प्रमाण वेगळे, घटक बरेचसे तेच.

२०१३ मध्ये याच गटाने ७३ समूहांवरून या मिश्रणाचा काळ काढला : आजपासून अदमासे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. त्या काळात दूरदूरचे लोक एकमेकांत मिसळत होते. नंतर ती सरमिसळ मंदावली आणि समूह आपापल्या आत लग्ने करू लागले. २०१७ चा अभ्यास याचा परिणाम दाखवतो. तपासलेल्या २६३ दक्षिण आशियाई समूहांपैकी ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांपासून विस्तार झाल्याची खूण इतकी ठळक होती, की जनुकीय रोगांसाठी अभ्यासले गेलेले फिनलंडचे लोक आणि युरोपातील अश्केनाझी ज्यू हेही मागे पडावेत. अशा समूहांत विशिष्ट आनुवंशिक रोग साठत जातात.

म्हणजे जातींत जनुकीय फरक आहेत काय? आहेत. आणि हेच वाक्य अर्धवट वाचून रिस्लेचा विजय झाला असे मानणारे लोक आहेत. परंतु कार्यकारणाची दिशा नीट पाहावी. रिस्लेचे म्हणणे होते की आधी वेगळे वंश होते आणि त्यांतून जाती झाल्या. जनुकसंच सांगतो की आधी मिश्रण झाले, आणि नंतर लग्नाच्या बंधनांनी समूह अलग पडले. शरीराने जात घडवली नाही. जातीच्या नियमाने शरीरावर खूण सोडली. ही खूण कोणाच्या श्रेष्ठतेची नाही. ती साठलेल्या रोगांची आहे, आणि उतरंडीच्या वरच्या पायऱ्यांवरही ती तितकीच आढळते.

हे उत्तर कोणी आधी ओळखले होते? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानवशास्त्राच्या एका चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. भारतातील लोक वांशिकदृष्ट्या मिश्र आहेत आणि जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, असे प्रतिपादन त्यात होते. तो विद्यार्थी भीमराव आंबेडकर. जनुकशास्त्राने त्या निबंधानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी अंतर्विवाहाचा काळ मोजला.

*

याचा आज कोणाला काय उपयोग, असे कोणी विचारील. तीन ठिकाणी आहे. दवाखान्यात, कारण रोगाचा अंदाज चेहऱ्यावरून बांधला तर रोगी हातचा जातो. त्याऐवजी तपासणी करावी लागते. विवाहाच्या वयातील तरुणांपुढे, कारण समूहाबाहेर लग्न केल्याने दोघांकडे एकाच अप्रभावी रोगजनुकाची प्रत असण्याची शक्यता सहसा घटते. आणि रस्त्यावर. ईशान्येतील विद्यार्थ्यांना महानगरांत चेहऱ्यावरून परके ठरवले जाते, त्यांच्यावर हल्ले होतात. २०१४ मध्ये केंद्र सरकारला यासाठी बेझबरुआ समिती नेमावी लागली. हल्ला करणाऱ्याने रिस्ले वाचलेला नसतो. पण चेहरा पाहून माणसाची पेटी ठरवता येते, ही खात्री त्याला कोठून तरी मिळालेली असते, आणि आपल्या पुस्तकांतील ‘मंगोलॉइड’ हा शब्द त्या खात्रीला आधार देतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, सहा वंशांची यादी पुस्तकातून फाडून टाकण्याची गरज नाही. परीक्षेत विचारली तर लिहावीही. पण लिहिताना ती गुहांची १९३१ च्या मोजमापांवरची वर्गवारी आहे, एवढे वर्षासह नमूद करावे. आणि कोणी शिकवताना ती भारतीयांची आजची ओळख म्हणून सांगू लागले, तर विचारावे : ही यादी कोणत्या मापांवरून केली, त्या मापांचे पुढे काय झाले आणि जनुकसंचात ती सापडते का?